उतरायचा दोर

शिकारीचं झाड म्हटलं की मराठी वाचकाला मचाण आठवतं. फळ्या, शिडी, वर बसायला पुरेशी जागा. अमेरिकेत व्हाइटटेल हरणामागे धनुष्य घेऊन जाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी हा सगळा डोलारा टाकून दिला आहे. कमरेला झोळीसारखा सॅडल, त्याच्या दोन्ही बाजू जोडणारा ब्रिज नावाचा छोटा दोर, ब्रिजपासून खोडाकडे जाणारा टेदर आणि पायाखाली ताटाएवढा प्लॅटफॉर्म. संध्याकाळपर्यंत माणूस खोडाला टेकून अधांतरी बसतो. अनेक राज्यांतल्या सार्वजनिक जंगलांत झाडाला खिळे ठोकायला किंवा स्क्रूच्या पायऱ्या फिरवायला बंदी असते. शिवाय सगळं सामान पाठीवरून दोन-तीन मैल न्यायचं असतं. त्यामुळे खोडाला बांधायच्या, पायऱ्या असलेल्या चार काठ्यांऐवजी, म्हणजे क्लाइंबिंग स्टिकऐवजी, एकच न्यायची, तिच्यावर चढायचं, टेदरवर लटकायचं, स्टिक वर ओढून पुन्हा बांधायची, अशी ‘वन-स्टिक’ पद्धत रुजली. तिने चढण्याचा प्रश्न सुटतो, पण अंधारात, थंडीत एकेक टप्पा उलट करत उतरणं फार कंटाळवाणं होतं. म्हणून दोरावरून घसरत खाली येणं, म्हणजे रॅपलिंग.

या कामासाठी दोर कोणता घ्यावा, या प्रश्नावर पहिला वाद ताकदीचा होतो, आणि तो जवळजवळ निरर्थक असतो. माणूस, जाड कपडे, प्लॅटफॉर्म, स्टिक सगळं धरून 100 किलो समजू. हा भार साधारण 1 किलोन्यूटन. युरोपीय मानकानुसार 8 मिमीच्या ॲक्सेसरी कॉर्डने, म्हणजे गिर्यारोहणातल्या सहाय्यक दोरीने, किमान 12.8 किलोन्यूटन पेलायला हवेत. गाठीमुळे चौथा, अगदी तिसरा हिस्सा गेला, तरी हाती आठ-नऊ किलोन्यूटन उरतात. म्हणजे सरळ लटकणाऱ्या माणसाने दोर तुटणार नाही. अडचण होते ती दोर हातातून निसटल्याने, उपकरणात न धरल्याने, सालीवर झिजल्याने किंवा एखाद्या धारदार वस्तूने कापल्याने. दुकानातल्या लेबलावरचा मोठा आकडा यातल्या एकाही गोष्टीबद्दल बोलत नाही.

जाडी मात्र बोलते. कामाच्या स्टॅटिक, म्हणजे भाराखाली फार न ताणणाऱ्या, दोरांचं ईएन 1891 हे युरोपीय मानक 8.5 मिमीपासून सुरू होतं. त्याखालचा 8 मिमीचा दोर त्या मानकाच्या दृष्टीने मुख्य दोरच नाही. तरी सॅडलवाल्यांत 8 मिमी अतिशय लोकप्रिय, कारण 40 फुटांची गुंडाळी जॅकेटच्या खिशात मावते. त्याची किंमत हाताला मोजावी लागते. दोर जितका बारीक तितकं उपकरणातलं घर्षण कमी आणि मुठीत पकडायला पृष्ठभाग कमी. वरचं आवरणही पातळ, त्यामुळे ओकच्या खरखरीत खोडावर एका मोसमात जेवढं झिजणं 10 मिमीला सोसतं, तेवढं 8 मिमीला महागात पडतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने 9 ते 10 मिमीचा स्टॅटिक दोर घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. 12 मीटर लांबीत 8 आणि 9.5 मिमीमधला वजनाचा फरक पाण्याच्या अर्ध्या बाटलीपेक्षा कमी भरतो. तेवढ्यासाठी पकड गमावण्यात शहाणपण नाही.

स्टॅटिक का, हेही एकदा पाहून घेऊ. गिर्यारोहकांचा डायनॅमिक दोर पडणाऱ्याला झेलण्यासाठी ताणला जातो. सिंगल रोप 80 किलोच्या नुसत्या भाराखाली दहा टक्क्यांपर्यंत लांबू शकतो. सात मीटरला आठ टक्के धरले तरी अर्ध्या मीटरहून जास्त. उतरताना माणूस वरखाली हिंदकळतो, आणि प्रत्येक हिंदक्याला खोडाभोवतीचा वरचा फास सालीवर घासतो. ईएन 1891 च्या दोराला 50 किलोवरून 150 किलोवर जाताना पाच टक्क्यांच्या आत राहावं लागतं. पण स्टॅटिक दोरावर पडायचं नसतं, हे त्याचं दुसरं अंग. टेदरला हातभर ढील ठेवून प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं आणि पाय घसरला की थांबू असं समजायचं, तर तो झटका कमरेला आणि पाठीच्या कण्याला बसतो. टेदर डोळ्यांच्या पातळीवर किंवा वर, आणि कायम ताणलेला.

धाग्याचं म्हणाल तर नायलॉन ओला झाला की पाणी पितो, जड होतो, थोडी ताकदही गमावतो. नोव्हेंबरच्या पावसात भिजून रात्री गोठला तर काठीसारखा ताठ होतो, आणि कॅमच्या, म्हणजे दोर दाबून धरणाऱ्या फिरत्या तुकड्याच्या, उपकरणातून बर्फाचा थर असलेला दोर बेभरवशाने सरकतो. पॉलिएस्टर जवळजवळ पाणी घेत नाही आणि ताणतही कमी. त्यामुळे या कामाला तो जास्त जवळचा. डायनीमा म्हणून ओळखलं जाणारं पॉलिएथिलीन बारीक जाडीत अफाट ताकद देतं, पण ते गुळगुळीत असतं, त्यात साधी गाठ सरकते, म्हणून ते विणून जोडावं लागतं, आणि 150 अंशांच्या आसपास ते वितळतं. ब्रिजसाठी ठीक. उतरायच्या दोराचं आवरण किंवा घर्षण-गाठीची (दोराभोवती वेढे घालून मारलेली, भार आला की आवळणारी गाठ) दोरी म्हणून नको. नायलॉन 6 साधारण 220 अंशांना वितळतं, पॉलिएस्टर 255 च्या पुढे, आणि टेक्नोरासारखं ॲरामिड वितळतच नाही, 500 च्या सुमाराला विघटित होतं. टेक्नोरा मिसळलेल्या आवरणाचे बारीक दोर शिकाऱ्यांना आवडतात ते याचसाठी.

उष्णतेची ही चर्चा पुस्तकी वाटत असेल तर हिशोब करून बघा. 100 किलोचा भार सात मीटर खाली आणायचा म्हणजे जवळजवळ 6,900 जूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची. ती सगळी सव्वाशे ग्रॅमच्या ॲल्युमिनियमच्या फिगर ऑफ एटमध्ये, म्हणजे आठाच्या आकाराच्या उतरायच्या कडीत, गेली असं धरलं, तर तो साठेक अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीच दोरात आणि हवेत जाते, म्हणून हाताला नुसता गरम लागतो. आता तीच ऊर्जा प्रुसिक या घर्षण-गाठीच्या वीतभर दोरीत घाला. टेदरवर जी गाठ वरखाली सरकवतो, तिच्यावरच मुठीने दाब देत खाली यायचं, हा प्रकार काही जण वजन वाचवायला करतात. पहिल्या दोन मीटरमध्ये काही होत नाही. मग दोरीचा आतला भाग चकाकायला लागतो. खाली आल्यावर गाठ सोडून बोट फिरवलं तर काचेसारखा कडक पट्टा हाताला लागतो. धागे वितळून पुन्हा गोठलेले असतात. तेवढ्या भागात गाठ पुढच्या वेळी एकतर धरणार नाही, किंवा धरली तर सुटणार नाही. प्रुसिक धरायला आहे. त्यावरून प्रवास करायचा नाही.

तेव्हा उपकरण वेगळं हवं, आणि ते दोराबरोबरच निवडायला हवं. आधी दोर घेतला, मग जे मिळालं ते उपकरण घेतलं, हा क्रम चुकतो. प्रत्येक चांगल्या डिसेंडरवर, म्हणजे उतरायच्या उपकरणावर, कोणत्या जाडीचा दोर चालतो ते कोरलेलं असतं. पेट्झल कंपनीच्या 2019 मधल्या ग्रिग्री या कॅमच्या उपकरणावर 8.5 ते 11 मिमी आहे. 8 मिमीचा दोर तिच्यात सरकवता येतो, कोरडा आणि नवा असताना अनेकदा धरतोही. पण तो भिजला, वरचं आवरण गुळगुळीत झालं, की कॅम त्याला पुरेसा चावत नाही आणि माणूस हळूहळू खाली सरकू लागतो. इंटरनेटवर ‘माझ्याकडे चालतं’ म्हणणाऱ्यांची कमी नाही. कोरडा दोर, उजेड आणि दोन फूट उंची असताना बहुतेक गोष्टी चालतात.

फिगर ऑफ एट साधा, हलका, यात हलणारा भाग नाही म्हणून अडकत नाही. पण हात सुटला की तो धरत नाही, आणि दोराला पीळ देतो. इथे हा पीळ विशेष त्रासदायक, कारण शेजारून खाली येणारी ओढदोरी (खाली आल्यावर फास सोडवायची दोरी) मुख्य दोराभोवती वळत जाते आणि मग दोर सोडवताना दोन्ही एकमेकांना सोडत नाहीत. बारीक दोरावर घर्षण कमी पडत असेल तर मोठ्या कड्यातून आणखी एक वेढा घेता येतो. कॅमवाल्या उपकरणांत हात सुटला तरी दोर धरला जातो, म्हणून प्लॅटफॉर्म काढायला दोन्ही हात मोकळे करणं सोपं. त्यांचा घात करतो तो दांडा. वेग वाढला की घाबरलेला माणूस हातात असेल ते आवळतो, आणि दांडा पूर्ण ओढला म्हणजे कॅम पूर्ण उघडतो. ही सवय जमिनीवरच मोडायला हवी: खालच्या दोरावरचा हात आधी, दांडा नंतर. उपकरण हरवलं किंवा खाली पडलं तर मोठ्या नाशपातीच्या आकाराच्या लॉकिंग कॅराबिनरवर, म्हणजे दार बंद करता येणाऱ्या कडीवर, मुंटर हिच ही घर्षण देणारी गाठ घालता येते. ती यायलाच हवी. दोराला पीळ पडेल, पडू दे.

उपकरणाखाली ऑटोब्लॉक घालावा. तीच एक छोटी दोरी हात सुटल्यावर तुम्हाला थांबवते. नियम असा की तिची जाडी मुख्य दोरापेक्षा स्पष्ट कमी असावी. 9.5 किंवा 10 मिमीवर 6 मिमीची दोरी चार वेढ्यांत छान चावते. 8 मिमीवर तीच 6 मिमी घातली तर वेढे नुसते गोल फिरतात. मग 5 मिमी आणि पाच वेढे, किंवा ॲरामिडची पोकळ विणीची तयार लूप. सॅडलमध्ये एक अडचण नेहमी येते. ब्रिजवरचं उपकरण आणि बाजूच्या लूपमधला ऑटोब्लॉक जवळ येतात, ऑटोब्लॉक वर सरकून उपकरणाला टेकतो आणि तिथे आपोआप मोकळा होतो. म्हणजे नेमका हवा तेव्हा निकामी. उपाय दोन: उपकरण वीतभर स्लिंगने वर न्यायचं, किंवा ऑटोब्लॉकची लूप आखूड करायची. भार घालून, हात सोडून, दोघांत चार बोटं अंतर राहतं का ते जमिनीलगत बघायचं. आणि बाजूचा लूप लाइनमन बेल्टसाठी, म्हणजे खोडाभोवती फिरवायच्या पट्ट्यासाठी, भार पेलणारा म्हणून शिवलेला आहे, की पिशवी अडकवायचा, हे सॅडलच्या माहितीपत्रकात वाचून घ्यायचं. दिसायला दोन्ही सारखेच असतात.

आता फास. दोराच्या एका टोकाला घट्ट आठाची गाठ, तिच्यात क्विक लिंक म्हणतात ती स्क्रूची कडी. दोर खोडाभोवती फिरवून कडीतून ओवला की सरकता फास तयार होतो. भार आला की तो आवळतो. कडी भार पेलण्यासाठी प्रमाणित असलेली हवी, तिच्यावर किलोन्यूटनचा आकडा कोरलेला असतो. कुंपणाच्या साखळीला लावतात ती दिसायला जुळी बहीण असली तरी नको. कडीऐवजी कॅराबिनर लावणारे बरेच असतात. खोडाच्या गोलाईवर तो आडवा पडतो, भार दारावर किंवा तीन दिशांनी येतो. लांबीच्या दिशेने 20 किलोन्यूटन पेलणाऱ्या कॅराबिनरला आडव्या दिशेने मानक फक्त 7 मागतं. एका माणसाच्या वजनाला 7 सुद्धा पुरतात, पण सालीवर घासून लॉकची कॉलर फिरून उघडली तर तो हिशोब संपतो.

याच कडीला ओढदोरी बांधायची. खाली पोहोचल्यावर ती ओढली की कडी खाली येऊ लागते, फास मोठा होत जातो, आणि त्यासाठी लागणारा दोर मोकळ्या टोकाकडून वर जातो. कडी अर्ध्या उंचीच्या आसपास आली की मोकळं टोक तिच्यातून निसटतं, खोडाला वळसा घालतं आणि सगळं खाली कोसळतं. ही हालचाल एकदा डोक्यात बसली की दोन गोष्टी आपोआप कळतात. मोकळ्या टोकाला शिवलेला डोळा किंवा जाड आवरण नको, कारण ते कडीतून गेलं पाहिजे. आणि दोराच्या टोकावरून घसरून पडू नये म्हणून आपण मारलेली थांबगाठ ओढण्याआधी सोडायलाच हवी. ही गाठ विसरली की ती वर जाते, कडीत रुतते, आणि फास दहा-बारा फुटांवर मोठ्या हारासारखा लटकत राहतो. अंधारात खालून कितीही झटके मारले तरी ती आणखी घट्ट होते.

ओढदोरीला पॅराकॉर्ड चालते. 550 नावाने मिळते ती 550 पौंडांची, म्हणजे गाठ नसताना जेमतेम अडीचशे किलोची. माणसाने तिच्यावर कधीही लटकायचं नाही, म्हणून तिचा रंग मुख्य दोरापेक्षा उठून वेगळा असावा, टॉर्चच्या उजेडात गल्लत होऊ नये. लांबी किमान फासाच्या उंचीइतकी. उतरताना ती खोडाच्या दुसऱ्या बाजूने सोडावी. बुटात किंवा स्टिकमध्ये अडकून ती ओढली गेली आणि नेमका त्या क्षणी फास मोकळा असला, तर तो सैल होतो. बीचसारख्या गुळगुळीत खोडावर सैल फास चार-सहा इंच खाली घसरायला वेळ लागत नाही. उलट कॉटनवुडच्या खोल भेगांत दोर असा रुतून बसतो की सोडवताना घाम फुटतो. फास फांदीच्या बेचक्याच्या वर घालणंही टाळावं. बसायला भक्कम वाटतं, पण ओढताना दोर तिथेच पाचर मारतो.

लांबीचा हिशोब सोपा, तरी लोक चुकतात, कारण प्लॅटफॉर्मची उंची धरतात आणि फासाची विसरतात. प्लॅटफॉर्म 20 फुटांवर, म्हणजे 6 मीटर. फास त्याच्या दीड मीटर वर. खोडाचा व्यास 35 सेंटिमीटर असेल तर घेर 1.1 मीटर. गाठ आणि थांबगाठ मिळून अर्धा मीटर, जमिनीवर पडायला एक मीटर. बेरीज 10.1. अमेरिकेत 40 फूट, म्हणजे 12.2 मीटरची गुंडाळी घ्यायची पद्धत आहे, तिच्यात थोडी शिल्लक राहते. उतारावरच्या झाडाची उंची खालच्या बाजूने मोजायची, कारण माणूस त्याच बाजूला लोंबतो.

रंगाबद्दल थोडं. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या असतात. तांबडा-नारिंगी त्याला मंद दिसतो, निळा मात्र चांगला दिसतो. म्हणजे नारिंगी दोर चालेल, झगझगीत निळा नको. रंग आवडला नाही म्हणून घरी रंगवत बसू नये. कोणतं रसायन धाग्याला काय करेल, हे वरून दिसत नाही. धातूचा खणखणाट बंद करायला प्लॅटफॉर्म आणि स्टिकवर कापडी टेप लावा, पण कॅराबिनरच्या दारावर आणि कडीच्या स्क्रूवर लावू नका.

उतरण्याची सुरुवात धनुष्य खाली सोडण्यापासून होते. कायदेशीर वेळ अनेक राज्यांत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते, म्हणजे हे सगळं अंधारातच. धनुष्य आणि बाणांचा भाता हॉल लाइनने, म्हणजे सामान वरखाली करायच्या दोरीने, खाली जायला हवा, आणि दोर पडेल तिथून तो दूर टेकवायचा. ब्रॉडहेडची, म्हणजे बाणाच्या टोकाची, पाती वस्तऱ्याएवढी तीक्ष्ण असतात, आणि ताणलेल्या दोराला पात्याचा नुसता स्पर्श पुरतो. ढिल्या दोराला जे पातं ओरखडा काढतं, तेच ताणलेल्या दोराचं आवरण भाजीसारखं चिरतं. फांद्या छाटायची करवतही म्यानात, आणि म्यान पाठीमागे. हुडच्या नाड्या, मफलर, तोंडावरचा जाळीचा मास्क आत खोचायचे. उपकरणात कापड ओढलं गेलं तर सोडवायला चाकू काढावासा वाटतो, आणि तिथे चाकू काढायचा नसतो. ऑटोब्लॉकवर भार देऊन, वर एक प्रुसिक घालून त्यावर वजन घ्यायचं, मग कापड मोकळं करायचं.

दोर खाली सोडला की टोक जमिनीला लागलं का ते टॉर्चने बघायचं. वाळल्या पानांवर पडल्याचा आवाज पुरावा म्हणून पुरत नाही, मधल्या झुडपावर पडला तरी तोच आवाज येतो. मग उपकरणात दोर घालायचा, ऑटोब्लॉक घालायचा, ढील काढायची आणि टेदर तसाच ठेवून उपकरणावर बसायचं. पूर्ण वजन. फास वर आवळला जाताना साल कुरकुरते. दोन-तीन वेळा हलकेच दाबून बघायचं, आणि टेदर ढिला पडलाय हे हाताने चाचपल्यावरच तो काढायचा. वन-स्टिकवाले अनेकदा हाच दोर दिवसभर टेदर म्हणून वापरतात, उरलेला भाग पिशवीत. त्यांच्याकडे मागे दुसरा आधार नसतो, म्हणून उपकरण बदलताना लाइनमन बेल्ट खोडाभोवती हवाच. प्लॅटफॉर्म काढताना उपकरण बांधून बंद करायचं. प्लॅटफॉर्म सुटला की पायाखालून आधार जातो आणि शरीर खोडाकडे झुलतं, गुडघे पुढे ठेवायचे.

दोर वर अडकलाच तर त्याच्यावर लटकून ओढू नका, चढून तर मुळीच जाऊ नका. तो कशात अडकलाय हे खालून कळत नाही. सकाळी लाइनमन बेल्ट आणि स्टिकने वर जाऊन सोडवावा.

घरी आल्यावर दोर बोटांतून फिरवायचा, डोळे मिटून चालेल. चपटा भाग, पोकळ भाग, अचानक मऊ वाकणारी जागा लागली की तिथे गाभा दुखावलाय. फासाजवळचा पहिला मीटर सगळ्यात आधी जातो. तेवढा कापून टोक गरम सुरीने बंद करता येतं, पण मग लांबीचा हिशोब पुन्हा करायचा. पाइनचा चीक आवरणात शिरला तर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवायचा. ट्रकमध्ये बॅटरीजवळ ठेवायचा नाही. गॅरेजमध्ये खाली ठेवला तर घामाच्या मिठासाठी उंदीर कुरतडतात. नायलॉनचा दोर न वापरता ठेवला तरी बहुतेक उत्पादक दहा वर्षांनंतर तो वापरू नका म्हणतात.

गुंडाळी करू नका, अंधारात तिचा गुंता होतो. दोर पिशवीत कोंबायचा: मोकळं टोक आधी तळाला, मग जसा येईल तसा, आणि कडी शेवटी तोंडाशी. पुढच्या पहाटे खोडाभोवती फिरवायला तीच पहिल्यांदा हातात यायला हवी.